शेजार कुणासाठी निवडायचा?

धाकटी : ताई, टोकियोत घर निशी-कासाइलाच घ्यायचं, असं आमचं जवळजवळ ठरलंय. यांचं ऑफिस ओतेमाचीला. निशी-कासाइहून तोझाइ लाइनची थेट गाडी आहे, मध्ये कुठे बदलायला नको. लेकीसाठी भारतीय अभ्यासक्रमाची शाळा तिथंच आहे. तूरडाळ, कढीपत्ता, हिंग, सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. गणपतीला, दिवाळीला चार माणसं जमतात. आणि मुख्य म्हणजे तिथं आम्हाला घर मिळतंय. बाकीच्या भागांत एजंटाला विचारलं, तर त्याचा पहिला प्रश्न जपानी येतं का, दुसरा जामीन कोण राहणार. मग मालकाशी बोलून कळवतो म्हणतो आणि पुन्हा फोन येत नाही. तुम्ही इतकी वर्षं टोकियोतल्याच आसागायाला काढलीत, म्हणून तुमच्याशी बोलल्याशिवाय सही करायची नाही, असं मी यांना सांगितलंय. तुम्हाला हे पटणार नाही, याचा अंदाज आहे. का पटणार नाही, ते ऐकायचंय.

थोरली : तुझी कारणं खोटी नाहीत. पण ती एकदा ओळीनं लावून बघ. ऑफिस सोडलं तर बाकीचं प्रत्येक कारण, टोकियोशी आपला संबंध कमीत कमी यावा, यासाठी आहे. डाळ आपली, शाळा आपली, सण आपले, बोलायला माणसं आपली. मग शहर उरतं ते फक्त गाडीच्या खिडकीतून दिसण्यापुरतं. आसागायात मला कुणाचीच भाषा येत नव्हती आणि माझी कुणाला येत नव्हती. अडल्याशिवाय माणूस शिकत नाही, आणि मी रोज अडत होते. आमच्या गल्लीत कायरानबान फिरायचं. पाटीला चिमट्यानं लावलेले कागद असतात, त्यावर गल्लीतल्या घरांची नावं एकाखाली एक. वाचून झालं की आपल्या नावासमोर खूण करायची आणि पाटी शेजारच्या दारात पोचवायची. कचऱ्याच्या ठिकाणी जाळी टाकायची पाळी कुणाची, भूकंपाचा सराव कधी, नाल्याची सफाई कोणत्या रविवारी, सगळं त्यात. सुरुवातीला मी न वाचताच पुढं ढकलायची. एकदा शेजारच्या आजींनी सगळ्या अवघड अक्षरांवर पेन्सिलीनं बारीक उच्चार लिहून पाटी माझ्याकडे दिली. त्या दिवसापासून मी वाचायला लागले. गल्लीत मी एकटीच अडलेली होते, म्हणून त्यांना माझ्यासाठी पेन्सिल उचलावीशी वाटली. जिथं पन्नास भारतीय घरं आहेत, तिथं कुणी कुणासाठी उचलायची?

धाकटी : आजींची पेन्सिल मोलाची आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला आधी त्या गल्लीत घर मिळायला हवं ना? जपानच्या न्याय मंत्रालयानं परदेशी रहिवाशांची एक मोठी पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना परदेशी असल्याच्या कारणावरून नकार मिळाला होता. घर मिळालंच तर पैशांचं गणित बघा. शिकिकिन, म्हणजे अनामत. रेइकिन, म्हणजे घरमालकाला द्यायचे आणि कधीच परत न येणारे पैसे. एजंटाचं एक महिन्याचं भाडं, जामीन कंपनीची फी, आगीचा विमा. चावी हातात येईपर्यंत चार-पाच महिन्यांचं भाडं गेलेलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी दर दोन वर्षांनी करार वाढवायलाही पैसे मोजावे लागतात. निशी-कासाइच्या आसपास यूआर या निमसरकारी संस्थेच्या इमारती आहेत. तिथं रेइकिन नाही, एजंट नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत, जामीन लागत नाही. अनामत भरा, पगाराची अट पुरी करा, राहायला या. ही वस्ती कुणी हौसेनं वसवलेली नाही. २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखांचा जो गोंधळ होणार होता, तो निस्तरायला भारतातून अभियंते गेले. त्यांना घरं मिळेनात. जगमोहन चंद्राणी नावाचे चहाचे व्यापारी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या भागात होते, त्यांनी या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय लावायला हातभार लावला. ज्यांना दुसरीकडे दारं बंद होती, ते जिथं दार उघडलं तिथं गेले. याला टोकियोकडे पाठ फिरवणं कसं म्हणायचं?

थोरली : म्हणणार नाही. नकार हा अन्यायच आहे, आणि त्याची चव मीही घेतली आहे. पण आपण पुण्या-मुंबईहून जातो. आडनाव ऐकून, धर्म विचारून, ताटात काय असतं ते विचारून, एकटी बाई आहे म्हणून घर नाकारणाऱ्या सोसायट्या आपण लहानपणापासून बघितल्या आहेत, आणि तेव्हा आपल्यातले बहुतेक गप्प बसले. तिकडे गेल्यावर हे आठवलं पाहिजे, कारण नकारामागची भीती सगळीकडे सारखीच असते : हे लोक आपल्यातले होणार नाहीत. ती भीती तर्कानं जात नाही. रोज समोर दिसणाऱ्या, कचरा नीट वेगळा करणाऱ्या, जिन्यात नमस्कार करणाऱ्या एका माणसानं जाते. आपण सगळे एकाच भागात गेलो, तर उरलेल्या टोकियोला असा माणूस दिसणारच नाही.

आणि इतिहास बघ. १८९९ पर्यंत जपानमधल्या परदेशी लोकांना कायद्यानंच ठरावीक हद्दीत राहावं लागे. योकोहामाला, कोबेला त्यांच्यासाठी आखलेले भाग होते. करार बदलले, हद्दी गेल्या, तेव्हा परके लोक आपल्यात येऊन राहिले तर काय होईल यावर तिथं केवढा वाद झाला होता! कोबेत त्याच्याही आधी जागा अपुरी पडली म्हणून कितानोच्या चढावर परदेशी आणि जपानी घरं शेजारी शेजारी होऊ दिली होती. आज लोक तोच भाग मुद्दाम बघायला जातात. जी हद्द मोडायला एवढा वाद झाला, ती आपण आपल्या हातानं पुन्हा का आखायची?

धाकटी : कायद्यानं आखलेली हद्द आणि माणसांनी एकमेकांच्या आधारानं केलेली वस्ती यांत मी फरक करते. हद्दीतून बाहेर पडता येत नव्हतं, निशी-कासाइतून उद्या निघता येतं. तुम्ही योकोहामा काढलंत, तर १९२३ चा भूकंपही आठवा. तिथं रेशमाचा व्यापार करणारे भारतीय होते. भूकंपात शहर उद्ध्वस्त झालं आणि त्यांच्यातले बरेच जण कोबेला गेले. त्यांनी परत यावं म्हणून योकोहामानं त्यांच्यासाठी घरं-दुकानं उभारण्यात पुढाकार घेतला. भूकंपाच्या वेळी मिळालेल्या मदतीची आठवण म्हणून भारतीयांनी पुढं शहराला बांधून दिलेलं पाणपोईचं स्मारक यामाशिता उद्यानात अजून उभं आहे. ते लोक एकमेकांना धरून राहत होते, म्हणून एकत्र सावरले. आणि शहरालाही ते हवे होते. धरून राहणारे लोक शहराचे होत नाहीत, हे म्हणणं इतकं सरळ नाही.

आता माझं बघा. हे सकाळी सातला बाहेर पडणार. तोझाइ लाइनची गर्दी प्रसिद्धच आहे, करोनाच्या आधी सकाळच्या वेळी क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसं असायची. रात्री नऊला परत. लेक शाळेत. घरात मी. माझ्या व्हिसावर ‘कुटुंबासोबत वास्तव्य’ लिहिलेलं असणार, वेगळी परवानगी काढली तरी आठवड्याला २८ तासांहून जास्त काम करता येणार नाही, आणि माझ्या कामाला जपानी लागतं. ज्या भागात आम्ही राहणार, त्या भागात दिवसाचे चौदा तास राहणार ती मी. हे तिथं झोपायला येणार. सगळे मात्र ऑफिसपासून किती मिनिटं, हेच विचारतात.

थोरली : हे तू बरोबर पकडलंस, आणि कुणी सहसा पकडत नाही. घर शोधताना नकाशावर पहिलं टिंब कमावणाऱ्याच्या ऑफिसचं पडतं, आणि राहणाऱ्याचा दिवस कुणी मोजत नाही. पण याच मुद्द्यावरून मी उलटीकडे जाते. त्या चौदा तासांत तुला काय हवंय? सोबत, की पाय रोवायला जागा? निशी-कासाइत पहिल्याच आठवड्यात बागेतल्या बाकावर तुला सोबत मिळेल. चार वाजता मुलं खेळतात, आया गप्पा मारतात, हिंदी, तमिळ, गुजराती, मराठी. मी तिथं जाऊन बसले आहे, फार छान वाटतं. आणि वर्ष सरल्यावर अशा बायका भेटतात, ज्यांना डॉक्टरकडे जायचं तर नवऱ्याला रजा काढावी लागते.

तुला एक सांगते. टोकियोत संध्याकाळी खांबांवरच्या भोंग्यांतून एक जुनं बालगीत वाजतं. मुलांनी घरी जायची ती खूण, आणि यंत्रणा चालू आहे याची रोजची तपासणीही. भारतीय घरांत सगळ्यांना ते सूर पाठ असतात. पण त्याच भोंग्यांतून वादळाची, पुराची सूचना येते, ती जपानीत, इमारतींवर आपटून घुमत. गाणं ओळखीचं आणि सूचना परकी, अशा अवस्थेत दिवसभर घरात एकटी असलेली बाई किती सुरक्षित? आणि ते घर तरी कुठे आहे? निशी-कासाइ ज्या एदोगावा वॉर्डात येतं, त्याची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. वॉर्डानं २०१९ मध्ये पुराचा नकाशा घरोघर दिला, त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितलं होतं की मोठा पूर येणार असेल तर इथं थांबू नका, वॉर्डाबाहेर जा. आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हागिबिस वादळ आलं, तेव्हा एदोगावातल्या चार लाखांहून जास्त लोकांना घरं सोडायचा सल्ला दिला गेला. नदीचे बांध टिकले, म्हणून निभावलं. भाडं कमी, घर मिळणं सोपं, जमीन सखल, या तीन गोष्टी एकत्र येतात त्या योगायोगानं येत नाहीत.

धाकटी : नाही येत. मलाही हा नकाशा बघून धस्स झालं होतं. म्हणून मग मी नुसतं वॉर्डाचं नाव न बघता एकेक गल्ली बघितली. खाडीकडचा सेइशिनचो हा भरावावरचा भाग आजूबाजूपेक्षा उंच आहे, आणि आम्हाला सहाव्या मजल्यावरचं घर मिळतंय. इमारत काँक्रीटची. आता तुमच्या आसागायाचं बोलू. पठारावर आहे, पुराची भीती कमी. पण आसागाया-कोएंजीचा पट्टा दाट लाकडी घरांचा, अरुंद बोळांचा. मोठा भूकंप झाला तर तिथं आगीचा धोका मोठा. टोकियोत धोका नाही असा शेजार नाही. कुठला धोका आपल्याला कळतो आणि कळल्यावर हलता येतं, एवढंच आपल्या हातात.

सखल जमीन आणि सहज मिळणारं घर यांचा संबंध तुम्ही जोडलात, तो मी पुढं नेते. निशी-कासाइचं स्टेशनच १९७९ चं. त्या आधी तिथं शेतं होती, कोळ्यांची गावं होती, नंतर खचलेल्या किनाऱ्यावर भराव टाकून इमारती उठल्या. तिथं राहायला आलेले जपानी लोकही दुसरीकडूनच आले. मला तरी वाटतं, ज्या भागात सगळेच नवे, तिथं नव्याला जागा होते. जिथं तीन पिढ्यांची घरं आणि देवळाची पालखी ठरलेल्या खांद्यांवर, तिथं प्रेम मिळेलही, पण ते पाहुण्याला मिळतं तसं. आणि सूचनेचं म्हणाल, तर वादळाच्या दिवशी आसागायात मी आजींचं दार वाजवलं असतं. निशी-कासाइत भोंगा वाजल्यावर पाच मिनिटांत कुणीतरी व्हॉट्सॲपवर भाषांतर टाकतं.

थोरली : कुणीतरी टाकतं. तो कुणीतरी कोण, हा माझा प्रश्न आहे. अशा प्रत्येक गटात दोन-चार माणसं असतात, ज्यांना जपानी वाचता येतं आणि ज्यांची वॉर्डाच्या कार्यालयात ओळख असते. बाकी शेकडो लोक त्यांच्यावर विसंबून. ती माणसं त्या वस्तीत राहूनही वस्तीच्या बाहेर चांगली रुजलेली असतात. योगेंद्र पुराणिकांचंच घे. पुण्यात वाढलेला हा माणूस निशी-कासाइच्याच परिसरात राहिला, जपानी नागरिक झाला आणि २०१९ मध्ये एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आला. आपण सगळ्यांनी अभिमानानं बातम्या पुढं पाठवल्या. पण मतं कुणाची होती? जपानी नागरिकत्व नसलेल्याला तिथं स्थानिक निवडणुकीतही मत नाही. म्हणजे त्यांच्या आसपासच्या बहुतेक भारतीयांना त्यांना मत देता येत नव्हतं. त्यांना निवडून आणलं ते जपानी शेजाऱ्यांनी. वस्तीचा आधार घेऊनही माणूस बाहेर रुजू शकतो, हे त्यातून दिसतं, ते तुझ्या बाजूचं. पण तसं रुजायला स्वतःला अडायला लावावं लागतं, ते माझ्या बाजूचं. वस्ती आपण होऊन ते करायला लावत नाही.

आणि आपल्या माणसांच्या सोबतीची दुसरी बाजू तू अजून काढलेली नाहीस. कुणाकडे कोण येतं, कुणाचं पटत नाही, कोण काय शिजवतं, कुणाची बायको उशिरा घरी येते, ही नजरही विमानात बसून बरोबर येते. इथं जी मोकळी व्हावी म्हणून निघाली, तिला तिथं तेच डोळे भेटतात, आणि इमारत बदलून चालत नाही, कारण सगळ्या इमारतींत तेच गट.

धाकटी : ती नजर मला चांगली माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर मला तिची भीती पुरापेक्षा जास्त वाटते. पण एकटेपणाची त्याहून जास्त वाटते. परदेशात बाळंत झालेली, आजारी पडलेली, घरात मार खाणारी बाई कुणाकडे जाणार? नजर ठेवणारेच लोक वेळेला डबा घेऊन येतात. दोन्ही एकाच माणसांत असतं, सुटं काढता येत नाही.

लेकीचं मात्र मला ठाम सांगायचं होतं, आणि आता तेवढी ठाम राहिले नाही. करार तीन वर्षांचा. तीन वर्षांनी परत आलो तर ती तिसरीत असेल. आसागायाच्या सरकारी शाळेत घातली, तर वर्षभरात जपानी बोलेल, दोन वर्षांत वाचू लागेल, आणि ज्या वेळी तिला तिथलं सगळं यायला लागलेलं असेल, नेमकं त्या वेळी आम्ही तिला उचलून पुण्याच्या शाळेत बसवू. मग मराठी कच्चं, इंग्रजी कच्चं, आणि जपानी बोलायला कुणी नाही. म्हणून भारतीय शाळा. कोतो वॉर्डातली २००४ पासून आहे, एदोगावातली २००६ पासून. आता तर जपानी आईबापही गणितासाठी, इंग्रजीसाठी मुलं तिथं घालतात. वर्गात जपानी मुलं असतातच.

थोरली : तीन वर्षांचा करार घेऊन तिकडे गेलेली आणि लेकरं तिथंच कॉलेजात गेलेली कितीतरी घरं मी बघितली आहेत. परत जायचंय हे वाक्य घरात दरवर्षी म्हटलं जातं, व्हिसा वाढतो, पगार वाढतो, आईबापांच्या मनात गाव तसंच राहतं. या सगळ्यात मूल वाढत असतं ते आपण ठरवलेल्या परतीच्या भरवशावर. बारा वर्षांची, जपानात लहानाची मोठी झालेली मुलगी वर्तमानपत्र वाचू शकत नाही, शेजारच्या मुलीशी तिची मैत्री नाही, आणि पुणं तिला दिवाळीच्या सुट्टीपुरतं ठाऊक. तिथल्या सरकारी शाळेत परदेशी मुलांना प्रवेश मिळतो, फी नसते, पण सक्ती नाही. म्हणजे निर्णय संपूर्ण आईबापांच्या हातात. तीन वर्षं असतील तर तुझं सोळा आणे खरं. दहा असतील तर माझं. आणि किती असतील, हे आज तुम्हा दोघांना माहीत नाही. ओतेमाचीतल्या कंपनीलाही नाही.

धाकटी : म्हणजे आपण दोघी वेगवेगळ्या मापांनी मोजतोय. मी तासांनी मोजतेय, तुम्ही वर्षांनी. माझा उद्याचा मंगळवार निशी-कासाइत बरा जाईल. लेकीचं पंधरावं वर्ष कदाचित आसागायात बरं जाईल. यांना दोन्हीकडे सारखंच, फक्त गाडीची गर्दी कमीजास्त. एकाच घरात तीन माणसं आणि तिघांचा शेजार वेगळा, पण भाड्याची पावती एकच. आणि यात आपण जिला विचारायला हवं, ती पाच वर्षांची आहे.

मग मी असं म्हणते. आत शिरायला निशी-कासाइ घेऊ. घर मिळेल, सोबत मिळेल, पहिला हिवाळा निघेल. मी पहिल्या दिवसापासून वॉर्डातर्फे चालणाऱ्या जपानीच्या वर्गाला जाईन. इमारतीच्या रहिवासी संघात नाव घालीन, त्यात जपानी लोकच जास्त असतात. लेक दुसरीत जायच्या आधी पुन्हा बसून ठरवू, राहायचं की हलायचं.

थोरली : योजना चांगली आहे. मी तुला हलू नको म्हणणार नाही आणि निशी-कासाइला जाऊ नकोही म्हणणार नाही. फक्त एक अडचण दाखवते, तिचं उत्तर माझ्यापाशीही नाही. लेक दुसरीत जायच्या वेळी तू ठरवणार. पण त्या वेळी ठरवणारी बाई आजची नसेल. तिच्या मैत्रिणी त्याच बाकावरच्या असतील, लेकीची मैत्रीण वरच्या मजल्यावर असेल, भाजी कुठली ताजी हे तिला पाठ असेल. तिला हलावंसं वाटणार नाही, आणि त्याची कारणं तिला पूर्ण खरी वाटतील. शेजार आपल्याला घडवतो, आणि मग तोच शेजार बरा की वाईट, हे त्यानं घडवलेल्या माणसाला विचारावं लागतं.

धाकटी : मग हे तुम्हालाही लागू आहे, ताई. आसागाया चांगलं, हे मला आसागायानं घडवलेली बाई सांगतेय. आजींनी पेन्सिल उचलली, म्हणून तुम्ही राहिलात. ज्यांच्यासाठी कुणी उचलली नाही, त्या कुठे आहेत?

थोरली : गेल्या. कुणी भारतात परत गेल्या, कुणी निशी-कासाइला गेल्या. माझ्याकडे सल्ला विचारायला लोक येतात, कारण मी टिकले. ज्या टिकल्या नाहीत त्यांना कुणी विचारत नाही, आणि परक्या शेजारात एकटीनं राहण्याची खरी किंमत त्यांनाच माहीत आहे. तसंच निशी-कासाइ सोडून गेलेल्यांचं. घुसमट झाली म्हणून, मुलांसाठी म्हणून ज्या बाहेर पडल्या, त्या बागेतल्या बाकावर तुला भेटणार नाहीत.

धाकटी : म्हणजे सही करायच्या आधी मला या दोघींना गाठायला हवं. आसागाया जिला झेपलं नाही ती एक, आणि निशी-कासाइ जिला पुरलं नाही ती एक. दोघींना एकच विचारीन, निघायचं कधी कळलं, आणि कळल्यावर किती दिवस तशाच राहिलात?

थोरली : विचार. आणखी एक विचार, ते घरात पहिल्यांदा कुणाला कळलं. ऑफिसला जाणाऱ्याला, दिवसभर घरात असणारीला, की मुलांना. दोघींची उत्तरं जुळली, तर शेजार निवडताना कुणाचा शब्द शेवटचा असावा, याचा तुला काही अंदाज येईल. जुळली नाहीत, तर तो वाद तुम्हा तिघांना त्या सहाव्या मजल्यावर दरवर्षी नव्यानं घालावा लागेल, आणि तो घालायचा कंटाळा येऊ द्यायचा नाही.